‘मार्केट’ : पणन अधिनियमातील कलम ५ आणि ६ यांवरील भाष्य

‘माल मार्केटला टाकला’ म्हणजे आवारात नेला. ‘मार्केट पडलं’ म्हणजे भाव उतरला. ‘मार्केट बंद आहे’ म्हणजे लिलाव होत नाहीत. ‘या मालाला मार्केट नाही’ म्हणजे गिऱ्हाईक नाही. ‘मार्केटची निवडणूक लागली’ म्हणजे समितीची. नाशिक जिल्ह्यात रोज बोलली जाणारी ही पाच वाक्ये. इंग्रजीतून आलेला शब्द एक, पण त्याच्या वस्तू पाच : स्थळ, भाव, व्यवहार, मागणी आणि संस्था. निफाडच्या किंवा चांदवडच्या शेतकऱ्याचा यात घोटाळा होत नाही, कारण कोण कोणाशी कशाबद्दल बोलतो आहे हे दोघांनाही ठाऊक असते. कायद्याची गोष्ट निराळी. तो कोणाशी, कोणत्या दिवशी, कशासाठी बोलणार हे त्याला आधी माहीत नसते. म्हणून त्याला शब्द बांधून घ्यावा लागतो. तो कसा बांधला आणि कुठे सैल राहिला, हे आपण पाहायचे आहे.

पाठ आहे महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३. नावात १९६३ आहे, पण अधिनियमाचा क्रमांक १९६४ चा विसावा. संदर्भ देताना ही गफलत करू नकोस. मूळ पाठ इंग्रजी आहे. तो शेजारी उघडा ठेव. मी प्रत्येक ओळीचा आशय मराठीत मांडतो आणि मग तिच्यावर बोलतो.

वाचायला बसण्यापूर्वी या कायद्याचे कूळ थोडक्यात सांगतो. वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांचा कायदा १८९७ चा. मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा १९२७ चा. मग मुंबईचा कृषी उत्पन्न बाजार कायदा १९३९ चा. लासलगावची बाजार समिती १ एप्रिल १९४७ ला स्थापन झाली. याचा अर्थ ती जन्मली १९३९ च्या कायद्याखाली, आणि आज ती वाचायची १९६३ च्या कायद्याने. दोन्ही कायद्यांत एक सूत्र समान आहे : माल उघड्यावर, चारचौघांत, तपासलेल्या काट्यावर विकला गेला पाहिजे. पुढच्या प्रत्येक ओळीचा अर्थ लावताना हे सूत्र हातचे सोडू नकोस.

व्याख्येची ओळ : ‘बाजार म्हणजे या अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी स्थापन केलेला कोणताही मुख्य बाजार, आणि दुय्यम बाजारसुद्धा.’

पहिला विचार ‘म्हणजे’ या शब्दाचा. कायद्यात व्याख्या दोन तऱ्हेच्या असतात. एक म्हणते ‘म्हणजे’, दुसरी म्हणते ‘यात समाविष्ट आहे’. पहिली दार लावून घेते, दुसरी उघडे ठेवते. इथे ‘म्हणजे’ आहे. याचा अर्थ या दोन प्रकारांत जे बसत नाही ते या कायद्यापुरते बाजार नव्हे. नाशिकला बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. पिढ्यानपिढ्या भरतो, भाजीपाल्याची मोठी विक्री होते, सगळे त्याला बाजारच म्हणतात. तरी या ओळीच्या अर्थाने तो बाजार नाही. त्याला कमी लेखण्यासाठी हे म्हटलेले नाही. या कायद्याने त्याला आपल्या पंखाखाली घेतलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘स्थापन केलेला’ हे दुसरे कठीण पद. बाजार आपोआप वाढतो, की कोणी तो स्थापावा लागतो? लोकव्यवहाराचे उत्तर पहिले आहे : चार रस्ते मिळाले, नदीचा उतार सापडला, देवाची जत्रा भरली की बाजार उभा राहतो. कायद्याचे उत्तर दुसरे. राजपत्रात अधिसूचना निघाली तरच बाजार. म्हणजे शंभर वर्षे चाललेला व्यवहार अधिसूचनेविना बाजार ठरत नाही, आणि कालच अधिसूचित झालेले मोकळे मैदान, तिथे अजून एक गोणीही उतरली नसली, तरी बाजार ठरते.

‘आणि … सुद्धा’ ही जोडणी सहज वाचून पुढे जाऊ नकोस. इथे दोन वाचने शक्य आहेत. एक असे की दुय्यम बाजार हा मुख्य बाजाराचा केवळ विस्तार आहे, त्याला स्वतःचे अस्तित्व नाही. दुसरे असे की तो स्वतःच्या बळावर बाजार आहे. मला दुसरे मान्य आहे, कारण ‘सुद्धा’ नसते तर पहिले वाचन उभे राहिले असते. ते आहे म्हणून दुय्यम बाजाराला बाजाराचे पूर्ण गुणधर्म मिळतात. व्यवहारात पाहा. विंचूर आणि निफाड हे लासलगाव समितीचे उपबाजार. विंचूरला लिलावात ज्याची फसवणूक होईल त्याला ‘हे मुख्य आवार नाही’ असे उत्तर देता येत नाही. मग विंचूरला वेगळी समिती का नाही? कारण समिती बाजाराची नसतेच. अधिनियमाने समिती बाजारक्षेत्रासाठी घडवली आहे. ‘मार्केटची निवडणूक’ हे बोलीतले म्हणणे कायद्याच्या काटेकोर भाषेत ‘बाजारक्षेत्राच्या समितीची निवडणूक’ असे होते. हा भेद बारीक वाटला तरी पुढची निम्मी चर्चा त्यावरच उभी आहे.

पुढची व्याख्या : ‘बाजारक्षेत्र म्हणजे कलम ४ खालील घोषणेत विनिर्दिष्ट केलेले क्षेत्र.’

शब्द थोडे, भार मोठा. बाजार म्हणजे आवार, बाजारक्षेत्र म्हणजे साधारणपणे तालुकाभर पसरलेला प्रदेश. त्यात शेते येतात, वस्त्या येतात, शेतकऱ्याची कांद्याची चाळ येते, व्यापाऱ्याची वखार येते. इंग्रजी पाठात दोन्हींच्या तोंडी एकच शब्द असल्यामुळे वाचणारा फसतो. ज्या ओळीत ‘क्षेत्र’ जोडलेले आहे ती ओळ चाळीपर्यंत पोचते. ज्या ओळीत नाही ती फाटकाशी थांबते. प्रत्येक ओळ वाचताना आधी हे तपासायची सवय लाव.

कलम ५, पोटकलम (१) : ‘प्रत्येक बाजारक्षेत्रासाठी एक मुख्य बाजार स्थापन केला पाहिजे; आणि एक किंवा अधिक दुय्यम बाजार स्थापन करता येतील.’

पूर्वार्धात आज्ञा, उत्तरार्धात मुभा. मुख्य बाजाराशिवाय नुसते बाजारक्षेत्र घोषित करून ठेवता येत नाही. याचे कारण समजून घे. क्षेत्र घोषित झाले की तिथल्या व्यापारावर बंधने येतात. बंधन घालायचे आणि सोय द्यायची नाही, हे विधिमंडळाला नको होते. म्हणून ‘केला पाहिजे’.

‘एक मुख्य बाजार’ यातील ‘एक’ किती ताठ घ्यायचा? मुंबईचा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १९०४ चा. त्यात एकवचनात बहुवचन येते असा नियम आहे, पण संदर्भाने विरुद्ध अर्थ निघत नसेल तरच. इथे निघतो. त्याच वाक्यात दुय्यम बाजारांसाठी ‘एक किंवा अधिक’ असे स्पष्ट लिहिले आहे. ज्याला बहुवचन लिहिता येत होते त्याने मुख्य बाजारापाशी ते लिहिले नाही, म्हणजे तिथे एकच अभिप्रेत आहे. शिवाय ‘मुख्य’ हे विशेषणही अनेकपण सहन करत नाही. मात्र पोटकलम (२) मध्ये ‘त्या अधिसूचनेत नमूद केलेल्या उत्पन्नाच्या पणनासाठी’ असे शब्द येतात. त्यांवरून कोणी म्हणेल की कांद्याचा मुख्य बाजार इथे आणि फळांचा तिथे असे करता येईल. नाशिक शहरात एकाच समितीची दिंडोरी रोडवर आणि पेठ रोडवर अशी आवारे आहेत, तेव्हा प्रश्न नुसत्या कल्पनेतला नाही. मला वाटते, शब्द हे वाचन पेलू शकतात, पण त्याची गरज पडत नाही. दुय्यम बाजाराची मुभा त्याचसाठी ठेवलेली आहे.

पोटकलम (२) : ‘… बाजारक्षेत्रातील कोणतेही स्थळ (कोणतीही वास्तू, आवार, मोकळी जागा किंवा परिसर धरून) मुख्य बाजार म्हणून स्थापन करील …’

करणारा कोण? पणन संचालक. ‘पणन’ हा शब्द तुला जड वाटेल. धातू ‘पण्’, अर्थ देवघेव करणे, मोल ठरवणे. ‘आपण’ म्हणजे दुकान आणि ‘पण्य’ म्हणजे विकाऊ वस्तू हे संस्कृत शब्द त्याच धातूचे. इंग्रजीत मार्केट हे नामही आहे आणि क्रियापदही. मराठी पाठाने नामाला ‘बाजार’ आणि क्रियेला ‘पणन’ अशी दोन वेगळी पदे दिली. हे चांगले झाले असे माझे मत आहे. मराठीत वाचणाऱ्याला स्थळ आणि क्रिया यांतला फरक आपोआप दिसतो. इंग्रजीत वाचणाऱ्याला तो दर वेळी शोधावा लागतो.

आता कंसातील चार पदे. वास्तू, आवार, मोकळी जागा ही तीन सोपी आहेत. चौथे ‘परिसर’. इंग्रजी शब्दाचा अर्थ वस्ती, पेठ, गावाचा एखादा भाग असाही होतो. म्हणजे बाजाराला भिंत असलीच पाहिजे असे नाही. आख्खी पेठ बाजार म्हणून अधिसूचित करता येईल. हे इतके का ताणतो, ते कांद्याच्या विक्रीवरून कळेल.

आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेने उभ्या असतात. समितीचा माणूस वाहनापाशी येतो, व्यापारी वरचा कांदा हातात घेऊन पाहतात, कोणी पाल्याखालचा काढायला सांगतो, बोली लागते. भाव क्विंटलला. सौदा कागदावर चढतो. वाहन काट्यावर जाते. आणि मग ते व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. ट्रॉली खाली होताना कधी आतला माल हलका निघाला, पत्ती सुटलेली निघाली असे व्यापारी म्हणतो आणि बोललेला भाव तोडून मागतो. लिलाव आवारात झाला. वाद खळ्यावर झाला. खळे फाटकाच्या बाहेर असले, तर हा वाद बाजारातला की बाहेरचा?

‘बाजार’ म्हणजे भिंतीच्या आतले असे मानले तर शेतकऱ्याचे संरक्षण फाटकाशी संपते, आणि नेमक्या त्याच जागी संपते जिथे तो एकटा पडतो : माल अर्धा उतरलेला, वाहनाचे भाडे चढते आहे, शेजारी दुसरा विकणारा नाही. ‘परिसर’ या पदाचा आधार घेऊन खळ्यांची पेठ अधिसूचनेत घेतली असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर? तरीही माझे म्हणणे असे की खळे बाजारक्षेत्रात असतेच, व्यापारी समितीचा परवानेदार असतो, आणि विक्रीची क्रिया बोलीपाशी सुरू होऊन हिशोबपट्टी मिळेपर्यंत चालते. मधल्या जागेवरून ती क्रिया तोडता येत नाही. यासाठीच वर सांगितले की स्थळ आणि पणन वेगळे ठेव. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे आहे की लिलावात वरचा थरच दिसतो, आतला माल पाहिल्याशिवाय भाव बांधील कसा? ते पूर्णपणे टाकाऊ नाही. पण त्याचा उपाय लिलावापूर्वी माल नीट पाहणे हा आहे, बोलीनंतर खळ्यावर भाव पाडणे हा नाही. उघड्यावर ठरलेला भाव झाकल्या जागी बदलायचा असेल, तर आरंभी सांगितलेले सूत्रच निकालात निघते.

कलम ६, पोटकलम (१) : ‘परवान्याशिवाय किंवा परवान्याच्या अटी मोडून कोणीही बाजारक्षेत्रातील कोणतेही स्थळ घोषित कृषी उत्पन्नाच्या पणनासाठी वापरू नये, किंवा बाजारक्षेत्रात अथवा तेथील कोणत्याही बाजारात व्यापारी, अडत्या, दलाल, प्रक्रिया करणारा, तोलारी, मापारी … म्हणून काम करू नये.’

पहिल्या अंशात ‘बाजार’ नाही, ‘बाजारक्षेत्र’ आहे. म्हणजे ही बंदी चाळीपर्यंत, बांधापर्यंत जाते.

दुसऱ्या अंशात ‘बाजारक्षेत्रात अथवा तेथील कोणत्याही बाजारात’. बाजार क्षेत्रातच असतो, मग दोन्ही सांगायची गरज काय? एक मत : पुनरुक्ती आहे, शंका राहू नये म्हणून केलेली. दुसरे मत : काम दोन पातळ्यांवरचे आहे. आवारात बसून अडत करणारा, तोलणारा, मापणारा एक. गावोगाव फिरून खरेदी करणारा दुसरा. परवाना दोन्ही प्रकारच्या माणसांना लागतो, आणि अटी निराळ्या असू शकतात. अर्थ लावण्याचा जुना दंडक असा की कायद्यात एकही शब्द फुकट लिहिलेला मानू नये. त्या दंडकाने दुसरे मत सरस ठरते.

व्यावसायिकांची यादी तू स्वतः वाच. एवढेच सांगतो की ‘अडत्या’ आणि ‘दलाल’ हे बोलीत एकमेकांच्या जागी चालतात, कायद्यात चालत नाहीत. अडत्या माल ताब्यात घेऊन दुसऱ्यासाठी विकतो; दलाल गाठ घालून देतो.

पोटकलम (२) : ‘पोटकलम (१) किरकोळ विक्रीला, स्वतःचे उत्पन्न विकणाऱ्या शेतकऱ्याच्या विक्रीला, आणि घेणाऱ्याच्या स्वतःच्या उपभोगासाठी झालेल्या विक्रीला लागू होणार नाही.’

या ओळीकडे फार कमी लोक पाहतात. ‘शेतकऱ्याला मार्केटबाहेर विकता येत नाही’ असे इतक्या वेळा बोलले गेले आहे की तो कायद्याचा पाठच आहे असे वाटते. या कलमाचा पाठ तसा नाही. परवान्याची अट शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाला लागत नाही. ती लागते समोरच्या घेणाऱ्याला, जर तो व्यापारासाठी घेत असेल तर. म्हणजे बंधनाचा रोख विकणाऱ्याकडे नसून घेणाऱ्याकडे आहे. माल कुठे आणावा याबद्दल १९६७ च्या नियमांचा पाठ वेगळा वाचावा लागतो, आणि तोही वाच. पण कलमाचे म्हणणे आणि नियमाचे म्हणणे एकाच पोत्यात भरू नकोस.

बाजार फीचे कलम ३१ याच दिशेचे आहे : बाजारक्षेत्रात पणन झालेल्या उत्पन्नाच्या ‘प्रत्येक खरेदीदाराकडून’ फी घ्यावी. इथेही खरेदीदार आणि इथेही क्षेत्र. अडतीचा भार मात्र पुष्कळ काळ शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापला जात होता. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याच्या बाबतीत ती खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. तोपर्यंत कायद्याचा कल एकीकडे आणि हिशोबपट्टी दुसरीकडे, अशी स्थिती होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये फळे आणि भाजीपाला, कांदा-बटाट्यासकट, आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. आपल्या पद्धतीने वाचायचे तर त्या मालापुरते ‘बाजारक्षेत्र’ आकसून ‘बाजार’ एवढेच उरले. कांद्याचा बराच व्यवहार पुढेही आवारातच राहिला. द्राक्षांची गोष्ट वेगळी. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षे बागेतच विकली जातात. त्याला शिवार सौदा म्हणतात. व्यापारी बागेत येतो, घड पाहतो, किलोचा भाव ठरतो, थोडी रक्कम हातावर पडते, माल जातो, उरलेल्या पैशाचा वायदा होतो. परराज्यातून आलेला व्यापारी वायदा बुडवून निघून गेल्याच्या तक्रारी जिल्ह्यातील पोलिसांकडे वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. पूर्वीही बागेपर्यंत परवान्याचा अंमल कमीच पोचत होता, पण निदान पाठ शेतकऱ्याच्या बाजूने होता. आता फळांसाठी तो पाठही फाटकापर्यंत मागे आला. फी वाचली हे खरे. पण फी ज्याच्या मोबदल्यात होती तो परवान्याचा वचकही गेला. हा व्यवहार पुरेसा विचार करून झाला असे मला वाटत नाही. क्षेत्र आकसायचे असेल तर बागेतल्या सौद्याला दुसरी कोणती तरी हमी हवी होती.

केंद्राच्या २०२० च्या व्यापार कायद्याने हीच गोष्ट देशभर, आणि सर्व मालासाठी केली. त्याची भाषा लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याने ‘व्यापारक्षेत्र’ असे नवे पद घडवले आणि समित्यांच्या आवारांच्या भौतिक सीमांमधील जागा त्यातून वगळली. म्हणजे व्याख्या वजाबाकीने केली : बाजार सोडून उरलेले सगळे. व्याख्येत ‘भौतिक सीमा’ हे शब्द आल्यामुळे ‘परिसर’ या पदाचा आधार कोणाला घेता येण्यासारखा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्या कायद्याला स्थगिती दिली आणि वर्षअखेर संसदेने तो रद्द केला. तो गेला तरी त्याची व्याख्या वाचनात ठेव. १९६३ च्या पाठात काय मोठे होते ते तिच्या शेजारी ठेवल्यावर कळते.

आता बोलीतले एक वाक्य कायद्याच्या काट्यावर ठेवून पाहू : ‘मार्केट बंद आहे.’ ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले आणि जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवले. त्या दिवसांत बाजार बंद होता का? कलम ५ च्या अर्थाने नव्हता. अधिसूचना कायम होती, स्थळ तेच होते, समिती, काटा, मापारी सगळे जागेवर होते. नव्हते ते घेणारे. म्हणजे कायद्याचा बाजार उघडा आणि शेतकऱ्याचा बंद, असे एकाच वेळी होऊ शकते. कायद्याने स्थळाची व्याख्या केली, संस्थेची केली. मागणीची व्याख्या तो करू शकत नाही. पण परवानेदाराने लिलावाला यावे की न यावे, हा मागणीचा प्रश्न नाही. तो परवान्याच्या अटींचा प्रश्न आहे, आणि कलम ६ मध्ये ‘परवान्याच्या अटी मोडून’ हे शब्द आहेत. वैयक्तिक कारणाने एखादा व्यापारी एखाद्या दिवशी आला नाही, तर ती त्याची मर्जी. सगळ्यांनी मिळून न येणे ही वेगळी क्रिया. तिला अटभंग म्हणायचे की नाही हे परवान्याच्या अटींचा पाठ पाहून ठरवावे लागेल. ‘मार्केट बंद’ एवढे म्हणून तो प्रश्न सुटत नाही.

राहता राहिला तो बाजार ज्याला जागाच नाही असे म्हणतात. १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ई-नामचे पूर्ण नाव ‘राष्ट्रीय कृषी बाजार’. बोली संगणकावरून लागते, घेणारा दुसऱ्या राज्यात असू शकतो. कोणी विचारेल, कलम ५ मधील ‘स्थळ’ इथे कसे लावायचे? उत्तर पाठातच आहे. बोली कुठूनही येवो, माल समितीच्या आवारात उतरतो, त्याची प्रत तिथे तपासली जाते, तिथल्याच काट्यावर तो तोलला जातो. म्हणजे पडद्यावर येतो तो भाव. स्थळ जमिनीवरच राहते. म्हणून प्रत चुकीची लिहिली गेली किंवा तोलात खोट निघाली, तर तक्रार ज्या आवारात माल तोलला त्या आवाराच्या समितीकडे करायची, आणि तिथे कलम ५ व ६ ही वर लिहिल्याप्रमाणेच वाचायची.